सेटवरचा कठडा

जयवंत परबला फुकट गेलेलं लाकूड बघवायचं नाही. कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला पाल बघवत नाही, तसं त्याचं. हा स्वभाव सुताराला शोभतो म्हणा, पण जयवंत सुतार होता मालिकांच्या सेटवर, आणि तिथं लाकूड फुकट घालवण्याचाच पगार मिळतो.

लोअर परळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये शूटिंग चालायचं. खाणंपिणं विसरून, जिवाचा आटापिटा करून एक वाडा उभा करायचा. तो म्हणे कोल्हापूरच्या पाटलांचा. लोकांनी मालिका बघितली नाही की एका दुपारी निरोप यायचा, मोडा. मग घण, पहारी आणि ट्रक. चांगलं धडधाकट प्लायवूड, सागाचा रंग दिलेल्या चौकटी, कमानी, कोनाडे, सगळं खिळ्यांसकट देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर. आणि आठवड्याभरात त्याच जागी, नव्या लाकडात, तसाच वाडा पुन्हा उभा. फक्त आता तो साताऱ्याच्या देशमुखांचा.

हे जयवंतला सोसेना. तो मोडतोडीतलं निवडून निवडून काळाचौकीला चाळीत आणू लागला. आधी एक फळी, मग एक खिडकी, मग अख्खा दरवाजा. बायको शेवंती कपाळावर हात मारायची.

"ह्यां काय नवीन हाडलंत? घरात पाय ठेवूक जागा नाय, आणि तुमी दार घेऊन येतास! दाराक लावूक भिंत खंय आसा?"

"नायकांच्या मोरीक दार नाय गो. त्यांका लावतंय."

नायकांच्या मोरीला दार लागलं, तेही कोरीव, पितळी कड्यांचं. मग खाली दळवींना पोटमाळा हवा झाला. मग कुणाला फडताळ, कुणाला शिवणाच्या मशीनखाली फळी. जयवंत कुणाकडून छदाम घ्यायचा नाही. वर चहा दिला तर साखर कमी घाला म्हणायचा. गणपतीत मंडळाचा देखावाही त्याच्याच लाकडातून उभा राहायचा, आणि पाटलांच्या वाड्यात दोन-तीन वर्षं पुराणातले देव राहून गेले. चाळकरी थट्टा करायचे, पण वस्तू नेताना कुणाचा हात मागे राहिला नाही.

एवढं सगळं होईपर्यंत हे चोरीछुपे चाललं होतं. वॉचमनला सांभाळून घ्यायचं आणि हातगाडीवर ताडपत्री ओढायची. मग मालिकावाल्या कंपनीनं अनुजा नावाची एक मुलगी नेमली, सेटवरचा कचरा कमी करायच्या कामासाठी. ती कामाला मनापासून लागली, हे सांगायलाच हवं. तिनं जयवंतला पकडलं आणि ओरडायच्या ऐवजी चाळ दाखवा म्हणून मागे लागली. चाळ बघून ती हरखली. तिनं व्हिडिओ काढला, 'कचऱ्यातून सजलेली चाळ' असं नावही दिलं. चाळीतली माणसं चिडली, आम्ही काय कचऱ्यात राहतो काय म्हणून, पण व्हिडिओ सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना पाठवला.

अनुजानं जयवंतला सांगून ठेवलं होतं. हे वर्ष नीट पार पडलं तर कंपनी आपल्या सगळ्या सेटचं सामान असंच चाळींना, शाळांना देणार. ट्रक देवनारला जायचेच बंद होणार. जयवंतनं उभ्या जन्मात एवढ्या मोठ्या गोष्टीची आस धरली नव्हती. ती त्यानं धरली, आणि तिनं त्याची झोप गोड केली.

त्याच पावसाळ्यात जयवंत राहायचा त्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा कुजला. मालक म्हणाला, इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, डागडुजी कशाला? बिल्डर म्हणाला, अजून सह्या झाल्या नाहीत. दोघांच्या मधे माणसांनी बांबू आडवे बांधले आणि पोरांना ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. तेव्हा नेमकी एक हवेलीची मालिका बंद पडली. त्या हवेलीला सज्जा होता, आणि सज्ज्याला लांबलचक नक्षीदार कठडा. सगळ्यांनी जयवंतकडे बघितलं.

आता सेटवरचा कठडा कसा असतो ते समजून घेतलं पाहिजे. नायिका जिथं टेकून रडणार तेवढाच तुकडा पक्का, खऱ्या लाकडाचा. बाकी सगळा डमी. आत थर्माकोल, वर पातळ प्लाय, त्यावर रंगाऱ्याची करामत. कॅमेऱ्याला वजन कळत नाही. जयवंतला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानेच तो कठडा केला होता. त्यानं एकेक तुकडा ठोकून बघितला आणि पक्के निराळे काढले. ते गॅलरीभर पुरणारे नव्हते.

दुसरा कुणीही सुतार असता तर रे रोडच्या वखारीत जाऊन कमी पडलेलं लाकूड घेऊन आला असता. चाळीनं वर्गणीही काढली असती. पण समोर एवढा थोरला कठडा पडलेला असताना नवं लाकूड विकत आणायचं, हे जयवंतच्या हाताला पटेना. शिवाय अनुजा पुढच्या आठवड्यात फोटो काढायला येणार होती, सगळा कठडा सेटचाच असायला हवा होता. मग त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. माणसं कुठं टेकतील ते नजरेनं ठरवलं आणि पक्के तुकडे तिथं तिथं लावले. जिन्यापाशी, जिथं म्हातारे दम खातात तिथं. नायकांच्या दारात, जिथं बायका भाजी निवडत गप्पा ठोकतात तिथं. कॅरम असतो तिथं. उरलेल्या जागी डमी बसवला, त्याला मागून पट्ट्या मारल्या, आणि पुढच्या सेटवर पक्कं मिळालं की बदलू असं मनाशी म्हटलं.

गॅलरीच्या टोकाला तर सगळा डमीच गेला. टोकाच्या आधीची खोली बंद होती, माणसं विरारला गेलेली. शेवटची खोली कौसल्या तांबेंची. ती हॉस्पिटलात आया, तिची मुलगी संघमित्रा एका ऑफिसात कामाला. दोघी दिवसभर बाहेर. चाळीतलं ते एकच बौद्ध घर. भांडण कधी नव्हतं. चौदा एप्रिलला कौसल्या घरोघर खीर द्यायची, सगळे हसून घ्यायचे, आणि काही घरांत ती खाल्लीही जायची. पण सहज म्हणून गप्पा मारायला त्या टोकापर्यंत कुणी जात नसे. जयवंतही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ते टोक कधी आलं की रिकामंच यायचं.

अनुजा आली, फोटो झाले. दुसरा मजला राजवाड्यासारखा दिसत होता.

गणपतीच्या आगमनाचा रविवार. रस्त्यावरून एका मोठ्या मंडळाची मूर्ती जात होती, ढोल असे वाजत होते की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. अर्धी चाळ खाली रस्त्यावर होती. संघमित्रा घरीच होती. तिथून चौकापलीकडचा रस्ता दिसायचा. ती आपल्या दारासमोर आली, लहानपणापासून यायची तशी, आणि व्हिडिओ हलू नये म्हणून दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवून तिनं मोबाईल धरला.

खालच्या दळवींच्या पत्र्यावर ती आधी आदळली म्हणून जिवंत राहिली. मग चौकातल्या लाद्यांवर. जयवंत धावत आला तेव्हा कौसल्या तिच्या शेजारी बसली होती आणि कुणालाच हात लावू देत नव्हती, कारण हॉस्पिटलात काम केल्यामुळे तिला माहीत होतं की असं पडलेल्या माणसाला हलवायचं नसतं. सगळ्या चौकात थर्माकोलचे पांढरे दाणे सांडले होते. पावसाच्या पाण्यात ते फिरत होते. जयवंत वेड्यासारखा ते गोळा करू लागला. लोकांना वाटलं, बिचारा भांबावला.

मुलगी वाचली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं.

आणि मग जे झालं ते जयवंतला शिक्षेपेक्षा वाईट लागलं. कुणी त्याला बोललं नाही. सगळा राग मालकावर निघाला, आणि मालकाची लायकीही तीच होती. त्याच्या ऑफिसवर मोर्चा गेला, पंचनामा झाला, मालकानं घाबरून रातोरात लोखंडी कठडा बसवून दिला. परबकाकांनी तर हौसेनं करून दिलं हो, त्यांचा काय दोष, असं जो तो म्हणे. जयवंत मान खाली घालून ऐके. कुणीतरी थोबाडात मारावी म्हणून त्याचा जीव तळमळत होता.

थोबाडात मारली नाही, पण नायकांनी मोरीचं दार काढलं. काढून चौकात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दळवींनी पोटमाळा उतरवला, खाली लेकरं झोपतात म्हणून. मग फडताळं आली, फळ्या आल्या, खिडक्या आल्या. त्यातल्या बहुतेक वस्तू पक्क्या होत्या, हत्ती बसला तरी मोडल्या नसत्या. चौकात ढीग झाला. महापालिकेची गाडी आली तेव्हा ढीग भरायला माणसं कमी पडली, तर जयवंत स्वतः खाली उतरला आणि इतक्या वर्षांत देवनारपासून वाचवलेलं सगळं त्यानं आपल्या हातानं गाडीत चढवलं.

शेवंती वरून बघत होती. तो वर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात धुवा. जेवूक बसा."

कंपनीनं व्हिडिओ काढून टाकला. अनुजाचा फोन आला, तिचा आवाज रडून बसलेला. तिची नोकरी जाणार होती, पण ती त्याबद्दल बोलली नाही, संघमित्राबद्दलच विचारत राहिली. आणि सेटवर नवा नियम आला. मोडलेलं सामान कुणी घरी नेता कामा नये, म्हणून एक यंत्र आणलं. ट्रकमध्ये भरायच्या आधी लाकडाचा चुरा करायचा. जुना माणूस म्हणून त्यावर जयवंतलाच उभं केलं. तो एकेक चौकट आत सरकवी. यंत्राला सगळं सारखंच.

दिवाळी गेल्यावर कौसल्या त्याच्या दारात आली. ती आत आली नाही, त्यानं 'या' म्हटलंही नाही.

"जयवंतभाऊ, संघमित्राला घरी आणलंय. चाकाची खुर्ची आहे. उंबरठा आडवा येतोय. काढून द्याल?"

"देतो ना, ताई. आत्ता येतो."

हत्यारांची पिशवी घेऊन तो गॅलरीच्या टोकाला गेला. त्या घरात तो पहिल्यांदाच शिरत होता. त्यानं आत नजर टाकली आणि त्याला कळलं की या घरात त्याच्या हातची एकही वस्तू नाही. चाळीतून एवढा ढीग निघाला, त्यात या घरातलं एक ढलपीही नव्हती. कौसल्या पाणी भरायला गेली. संघमित्रा खुर्चीत होती, पांघरूण गुडघ्यांवर. ती बारीक झाली होती. जयवंत खाली बसला आणि उंबरठ्याला पटाशी लावू लागला.

"काका," ती म्हणाली, "मी पडताना कठडा घट्ट धरला होता. हातात आला तो. त्याला वजनच नव्हतं."

जयवंतनं पटाशी खाली ठेवली.

"मी कुणाला बोलले नाही. आईलासुद्धा नाही. मालक सुटला असता आयता. पण मला सांगा, सगळा तसाच होता?"

"नाही."

"मग आमच्याच दारात का?"

"लाकूड पुरलं नाही, पोरी." तो म्हणाला. "पक्के तुकडे थोडे होते. जिन्यापाशी लावले. नायकांच्या इथं लावले. कॅरमपाशी लावले."

"मग संपले?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ती मानणारही होती. जयवंतनं वर बघितलं. ती चिडलेली नव्हती, तिला फक्त खरं हवं होतं.

"एक उरला होता," तो म्हणाला.

"तो कुठं लावलात?"

"माझ्या दारात."

"तुमच्या दारात कोण टेकतं?"

"कोणी नाही. शेवंती तिथं तुळस ठेवते."

संघमित्रा "बरं" म्हणाली, आणि त्याला काम करता यावं म्हणून तिनं खुर्ची थोडी मागे घेतली.