वेदगंगेकाठी एक साक्ष

हातकणंगले स्टेशन मागे गेलं आणि समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "पावणं (पाहुणे), चपला घाला आता. कोल्हापूर आलंच."

श्रीरामपूरहून रात्रभर बसून आलो होतो. खिडकीबाहेर नजर जाईल तिथपर्यंत ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, आणि रस्त्यावर ऊस लादलेल्या ट्रॉल्यांची रांग. कोल्हापूर मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण मन शहरात नव्हतं. मला पुढे मुरगूडजवळच्या एका खेड्यात रूथबाईंकडे जायचं होतं.

रूथबाई आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवायच्या. आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. मी शाळेत मागे पडलो, तेव्हा बाई उपासनेनंतर मला थांबवून घेत आणि शुभवर्तमानाच्या ओळींवर माझं बोट फिरवत वाचायला शिकवत. घरातला पहिला पदवीधर म्हणून चर्चमध्ये माझा सत्कार झाला, तेव्हा तो हार मी बाईंच्या गळ्यात घातला होता. दवाखान्यातली आयाची नोकरी संपल्यावर त्या माहेरी, भावाकडे राहायला गेल्या. त्या भावाचाच, शामूअण्णांचा, फोन आला होता.

"अक्कानं इन्सुलिन बंद केलंय. पायाची जखम भरंना झालीय. एक प्रचारक बंधू येतात प्रार्थना घ्यायला, ते म्हणतात औषध घेणं म्हंजे अविश्वास. तुम्ही शिकल्यालं हायसा, येऊन तिला चार गोष्टी सांगा की."

म्हणून निघालो होतो. सोबत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती.

एसटी स्टँडसमोर मिसळ मागवली. वाढणाऱ्याने विचारलं, "कट (वरचा तिखट रस्सा) वाढू?" मी भिडेखातर मान हलवली. दुसऱ्या घासाला नाका-डोळ्यांतून पाणी. गल्ल्यावरून मालक ओरडले, "आरं, पावण्याला ताक दे! गावाकडं जाऊन नाव सांगतील आपलं!" ताकाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

मुरगूडच्या बसमध्ये माझी पिशवी वर ठेवताना कंडक्टर कण्हले. "दगडं भरल्यात काय ह्यात?"

"पुस्तकं आहेत."

"मग दगडंच की!" सगळी बस हसली. मीही हसलो.

शामूअण्णा फाट्यावर घ्यायला आले होते. घरी त्यांच्या पत्नी, सुलूकाकी, गोठ्यात म्हशीची धार काढत होत्या. तिथूनच त्यांनी हाक दिली, "आलासा व्हय सर? बसा, मी च्या ठेवतो." इकडच्या बायका सहज 'मी ठेवतो, मी जातो' असं बोलतात. मला ते फार आवडलं.

बाई खाटेवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पायाला पांढरं फडकं गुंडाळलेलं. मला पाहून उठायला लागल्या, मी धावत जाऊन त्यांना बसवलं. "वाळलास रे," एवढंच त्या म्हणाल्या.

चहा होताच मी सुरुवात केली. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे जुनं दुखणं, जावं म्हणून तीनदा प्रार्थना केली, तरी काटा गेला नाही, कृपा मात्र पुरली. मग पौलाचा विश्वास कमी होता काय? शामूअण्णा म्हणाले, "व्हय की." काकी म्हणाल्या, "बराबर हाय." बाईंनीही मान हलवली. मला वाटलं, काम झालं. आणि जेवताना बाईंनी इंजेक्शनला हातसुद्धा लावला नाही.

मी गोंधळून अण्णांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "सर, तुम्हीबी पावणंच. पावण्याला न्हाय कसं म्हणायचं? त्या बंधूंनाबी आम्ही असंच व्हय व्हय म्हणलो. ते येतात, आमच्या ताटावर बसतात. ताटावर बसल्याल्या माणसाला उलटं विचारायची आमच्यात रीत न्हाय."

हे बंधू काय सांगत, ते अण्णांकडून तपशिलाने कळलं. बाकीच्या ख्रिस्ती लोकांना अर्धंच ज्ञान आहे, खोल ज्ञान आपल्याला प्रकट झालंय. ते ज्याला उमगलं त्याच्या शरीरात आजार राहूच शकत नाही. आणि बरं वाटण्याची वाट पाहायची नाही. आधी सर्वांसमोर 'मी बरी झाले' अशी साक्ष द्यायची, मग देव ती खरी करतो.

संध्याकाळी बाईंना धरून नदीपर्यंत नेलं. वेदगंगेचं पाणी संथ होतं, पलीकडे ऊसतोड चालली होती. दगडावर टेकल्यावर मी विचारलं, "बाई, माझं म्हणणं पटलं नाही का?"

"पटलं रे. ते मला आधीही ठाऊक होतं. इतकी वर्षं दवाखान्यात काय झाडूच मारला का मी?" मग त्यांनी पायाचं फडकं नीट केलं. "मी साक्ष दिलीय. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, देवाने मला बरं केलं. आता सुई टोचली तर मी लबाड ठरते. मी ठरले तर ठरू दे. पण देवाचं नाव घेऊन सांगितलंय. साखर वाढली ना, की मला आजाराची भीती वाटत नाही, बाळ. देवाची वाटते."

ज्या बाईंनी मला देवाची माया शिकवली, त्या देवाला भिऊ लागल्या होत्या. माझी सगळी पुस्तकं पिशवीत होती आणि गाठ इथे होती.

परतल्यावर मी हे चुलीपाशी अण्णा-काकींना सांगितलं. काकींचा भाकरी थापणारा हात थांबला. "मग एकट्या वन्संनी कुठं साक्ष दिली?" त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं, आन आम्ही सगळी आमेन म्हणलो की." तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना पत्र्याच्या छोट्या सभागृहात होती. टाळ-मृदंगावर भजनं झाली. बंधूही आले होते. मी कुणा लबाड माणसाची कल्पना केली होती. हा तर साधा, हसतमुख, पोरांना नावाने हाक मारणारा माणूस. तो जे शिकवत होता ते त्याला मनापासून खरं वाटत होतं, आणि त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटली.

साक्षीची वेळ आली. बंधूंनी विचारलं, "कोण उभं राहतंय?"

सुलूकाकी पदर खोचून उभ्या राहिल्या. "गेल्या महिन्यात वन्संनी साक्ष दिली, बरी झाली म्हणून. त्यांची जखम मीच धुतो, मला दिसत हुतं. तरी मी आमेन म्हणलो. देवाच्या घरात न तपासता आमेन म्हणलो, ही माझी चूक. ते आमेन मी परत घेतो."

मग शामूअण्णा उठले. "माझंबी परत." मागून एक म्हातारी म्हणाली, "मलाबी कुठं दिसत हुतं? शेजारीण म्हणली म्हणून म्हणलो." कुणीतरी हसलं. एकेक करत निम्मं सभागृह उभं राहिलं.

बंधूंचा चेहरा पडला. "अशानं विश्वास ढासळतो," ते म्हणाले.

तेव्हा रूथबाई उठल्या. मी आधार द्यायला गेलो, त्यांनी माझा हात बाजूला केला. "माझी साखर बरी नाही," त्या ठाम आवाजात म्हणाल्या. "देव बरा आहे. गेल्या वेळी मी उलटं सांगितलं. देवाने ते माझ्याकडे मागितलं नव्हतं."

उपासना संपताच आम्ही त्यांना मुरगूडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पायाकडे बघून रागावले, मग म्हणाले, वेळेत आणलंत, पाय वाचेल. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. सुई टोचताना बाई पुटपुटत होत्या. मला वाटलं, दुखतंय. त्या आभार मानत होत्या.

घरी बंधू सोप्यात (ओसरीवर) वाट पाहत बसले होते. त्यांचं जेवण अण्णांकडेच ठरलं होतं. काकींनी ताट वाढलं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळं. जेवून बंधूंनी हात धुतल्यावर अण्णा म्हणाले, "बंधू, जेवायला कवाबी या, घर तुमचंच हाय. वचन सांगायला मात्र आता येऊ नगासा." निघताना बंधूंनी बाईंच्या पायाकडे पाहिलं, आणि पायरीवरून पुन्हा एकदा वळून पाहिलं. त्यांच्यासाठी मी तेव्हापासून प्रार्थना करतो.

परतीच्या गाडीत काकींचा फोन आला. "वन्सं मघापासनं भाजीत मीठ कमी म्हणून भांडाय लागल्यात. म्हंजे बऱ्या हायत बगा!"

विश्वास ही आपल्या हवाली केलेली ठेव आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. ती राखायची म्हणजे बाहेरच्या चुकीच्या शिकवणीशी वाद घालायचा, असं मला वाटायचं. पण ती शिकवण आत आली होती ती आमच्याच होकारातून, आमच्या भिडेतून. वाद घालता येणारे पुष्कळ आहेत, माझ्यासारखे. आपला होकार परत घ्यायला काकींना जी छाती लागली, ती मी अजून कमावतो आहे.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये बाहेरून आलेल्या पाळकांचा उपदेश झाला. चांगला झाला. शेवटी सगळे एका सुरात आमेन म्हणाले. मी लगेच आमेन म्हणालो नाही. त्यांनी काय सांगितलं ते मनात एकदा पुन्हा पाहिलं आणि मग म्हणालो. तोवर सगळे गप्प झाले होते, त्यामुळे माझं आमेन एकट्याचंच ऐकू आलं, आणि पुढच्या बाकांवरच्या लोकांनी मागे वळून पाहिलं.