मोहाखालची हाळी

कामिनीला वाघाची भीती वाटते, हे सफारीच्या पाहुण्यांना कळलं तर तिच्या जिप्सीत कोणी बसणार नाही. गाइड होऊन तिला बारा वर्षं झाली. माहेर कोराडीचं, लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे कॉलनीत शिरणारी म्हैस. लग्न होऊन आली ती नागपूरच्या उत्तरेला, जंगलाला चिकटलेल्या गावात. हिवाळ्यात ती पाहुण्यांना तलावावरची बदकं दाखवते, उन्हाळ्यात पाणवठ्यावरचे गवे. पावसाळ्यात गेट बंद, तेव्हा धान लावते. आणि रोज सकाळी खाकी शर्टाची बटणं भीतीपोटी दोनदा चुकीच्या काजात घालते. ज्याला भीती वाटत नाही त्याने गाइड होऊच नये असं माझं मत आहे, पण मला विचारतो कोण!

या कामाला तिला हात धरून नेलं ते तिच्या सासूने, सिंधूताईने. सून घरात रडत बसते हे म्हातारीला बघवेना. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ती गेटबाहेर दिवसभर बसून राहिली होती, सून पळून येऊ नये म्हणून.

एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की गावातल्या बाया उजाडताच टोपल्या घेऊन निघतात. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. फुलं वेचायची म्हणजे तास-दोन तास वाकून राहायचं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून बाया हाळी देतात. पहिल्या झाडाखालून कांताबाई ‘होऽऽ’ म्हणते, दुसरी तिला उत्तर देते, मग तिसरी. शेवटचं झाड नाल्याजवळचं, सिंधूताईचं. चौथी हाळी आली की सगळ्या पुन्हा वाकतात.

आता त्या झाडांजवळूनच सफारीचा रस्ता जातो. बायांच्या ओरडण्यामुळे काही दिसत नाही, अशी कुरकूर पाहुण्यांनी त्या आठवड्यात दोनदा केली. शेवटी कामिनी संध्याकाळी सासूला म्हणाली, “आत्या, जिप्सी जाईपर्यंत तरी तुमी ओरडू नका. माह्या पाहुण्यांले काहीच दिसून नाही राहिलं.”

“बरं बाई,” सिंधूताई म्हणाली. “तुह्या कामात मी कायले आडवी येऊ?”

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेतले एक साहेब आणि त्यांची बायको जिप्सीत होते. साहेबांच्या मांडीवर हातभर लांब लेन्स. कामिनीने नेहमीचं सांगितलं: आवाज नाही, उभं राहायचं नाही, खाली उतरायचं नाही. चंद्रभान ड्रायव्हरने जेमतेम दोन किलोमीटर नेली आणि गाडी थांबवली. धुळीत वाघिणीचे पंजे होते. पुढच्या गाडीच्या चाकाच्या खुणेवर पडलेले, म्हणजे अगदी ताजे. नाल्याकडे गेलेले.

“वा!” साहेब म्हणाले.

तेवढ्यात लांबून हाळी आली. मग दुसरी. मग तिसरी.

“हा कोणता पक्षी हो?” बाईंनी हळूच विचारलं.

“पक्षी नाही मॅडम, आमच्या बाया आहेत,” कामिनी म्हणाली, आणि सवयीने चौथीची वाट पाहू लागली. चौथी आली नाही. कांताबाईने पुन्हा हाक दिली. दोनच उत्तरं आली. मग कामिनीला आठवलं की चौथी का येत नाही.

“चंद्रभानभाऊ, नाल्याकडे घ्या. लवकर.”

वळणावर वाघीण दिसली. वाळल्या गवतात पोट जमिनीला टेकवून, कान पाडून बसलेली. तिच्यापुढे चाळीस पावलांवर सिंधूताई, पाठमोरी, कमरेत वाकलेली, टोपली भरत होती. साहेबांचा कॅमेरा खटखट वाजायला लागला.

कामिनीने दोन्ही हातांनी पुढची दांडी पकडली. वाघीण एक पाऊल सरकली. कामिनी सीटवर उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, “आत्याऽऽ!”

सिंधूताई सरळ झाली. वळली. तिला जिप्सी दिसली, पाहुणे दिसले, सीटवर उभी असलेली सून दिसली. गवतातलं काही दिसलं नाही. तिने लगबगीने ओठांवर बोट ठेवलं आणि सुनेला खुणावलं. चूप. पाहुणे आहेत.

“ओरडा आत्या! हात वर करा, ओरडा!” कामिनी रडत होती.

म्हातारीला काय उमगलं देव जाणे, पण तिने टोपली टाकली, दोन्ही हात वर केले आणि ‘होऽऽ’ केलं. लगेच तिकडून तिघी ओरडल्या. चंद्रभानने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वाघीण उठली, एकदा जिप्सीकडे पाहिलं आणि नाल्यात उतरली. तेव्हा ती सिंधूताईला दिसली. म्हातारी आपल्याच फुलांवर मटकन बसली.

“एवढा चांगला फोटो!” साहेब म्हणाले. “काहून ओरडल्या तुम्ही?” त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे बोलले नाहीत. गेटवर गेल्यावर तक्रार मात्र लिहिलीच. गाइडने नियम मोडला होता, ते काही खोटं नव्हतं. आठ दिवस काम बंद.

घरी कामिनी सासूच्या पायाशी बसून राहिली. सिंधूताई टोपलीला चिकटलेली फुलं काढत होती. “तू सांगतलं म्हणून चूप होती ना वं मी,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं कामिनीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबरोबर सूनही टोपली घेऊन निघाली. झाडाखाली पोचेपर्यंत तिने दहा वेळा मागे वळून पाहिलं. वाकायचं म्हटलं की पाठीला घाम फुटायचा. पहिली हाळी आली, दुसरी, तिसरी. कामिनीने छाती भरून उत्तर दिलं. झाडावरचे पोपट उडाले.

“हळू वं,” सिंधूताई सवयीने म्हणाली. “गाड्या येऊन राहिल्या.”

“येऊ द्या,” कामिनी म्हणाली, आणि गाडी समोरून जात असताना पुन्हा एकदा ओरडली.