सलूनच्या आरशातला नंबर

इतकी वर्षं झाली, पण ती घटना मला अजून विसरता आलेली नाही.

कोल्हापुरात नुकते कॉम्प्युटर आले होते, तेव्हाची गोष्ट. शिवाजी पेठेतून सहा वर्षांची मुलगी कुणीतरी पांढऱ्या व्हॅनमध्ये घालून पळवली. तिला आकडीचा त्रास. रोजची गोळी चुकली तर काय होईल, हे डॉक्टरही सांगेनात. तिची आई गोळ्यांची पट्टी मुठीत धरून आमच्या पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

साक्षीदार एकच, घरासमोरचा सलूनवाला. "पैला आठ, शेवटचा एक. मधलं दोन काय लागलं न्हाईत, साहेब."

आरटीओची यादी आम्ही मागवून घेतली. कॉम्प्युटर शिकलेला आमचा एक हवालदार म्हणाला, "रेग्युलर एक्स्प्रेशन लावतो." म्हणजे खुणांनी साचा लिहायचा: आधी आठ, मग कुठलेही दोन आकडे, शेवटी एक. साच्यात बसणारे नंबर मशीन वेचून देतं. पाच पांढऱ्या व्हॅन निघाल्या. आम्ही तुटून पडलो. गडमुडशिंगीच्या एका चालकाला तर मी संध्याकाळपर्यंत बसवून नको नको ते बोललो.

"साहेब, मी राधानगरीला वऱ्हाड घेऊन गेलतो की. कुणालाबी इचारा."

विचारलं. खरं निघालं. बाकीच्या चारही व्हॅन तशाच सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक सलून गाठलं. "खोटं सांगितलंस तर याद राख. कुठं उभा होतास?"

त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. "हितंच. दाढी करत हुतो."

"मग रस्ता तुझ्या पाठीमागं."

"व्हय की. पोरगी वरडली, तवा आरशात बघितलं. वळूस्तवर व्हॅन गेली."

मी आरशात पाहिलं. समोरच्या दुकानाची पाटी उलटी दिसत होती. इंग्रजी आठ आणि सरळ रेघेचा एक आरशातही तसेच दिसतात, फक्त जागा बदलतात. मधले आकडे त्याला का लागले नाहीत, तेही कळलं. मी तिथूनच हवालदाराला फोन केला, "साचा फिरव. आधी एक, शेवटी आठ."

नव्या यादीतली तिसरी व्हॅन, मुलीच्या वडिलांनी कामावरून काढलेल्या माणसाच्या मेव्हण्याची. दुपारी मुलगी त्या मेव्हण्याच्या घरात सापडली. अंगात ताप होता, पण शुद्धीवर होती. आई माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी मागे सरलो.

मशीन चुकलं नव्हतं. साक्षीदार खोटं बोलला नव्हता. काय पाहिलंस, एवढंच मी विचारलं होतं. कुठून पाहिलंस, हे विचारायला मला एक रात्र लागली. मुलीला आकडी आली ती त्याच रात्री.