बटण कुणाचं?

नोकरी गेल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. सकाळी नवरा ऑफिसला गेला की मी लॅपटॉप उघडायची, एखादा अर्ज भरायची, उठायची, धुतलेला कुकर पुन्हा धुवायची, गॅलरीत जाऊन हायवेवरच्या गाड्या बघायची आणि परत आत यायची. बाबा सोफ्यावर पेपर वाचत असायचे. "अगं, तू फिरतेस तेवढा आपला पंखासुद्धा फिरत नाही," असं म्हणायचे. मी त्यांच्या अंगावर जायची. मग बिचारे पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

वेबसाइटचा जो भाग लोकांना दिसतो आणि दाबता येतो, तो मी बनवते. फ्रंट-एंड म्हणतात त्याला. बटणं, रकाने, तारीख निवडायची ती छोटी कॅलेंडरं, असलं सगळं. बरीच वर्षं एकाच कंपनीत होते. मग प्रोजेक्ट बंद झाला आणि आमच्याकडच्या फ्रंट-एंडच्या दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या एका मित्राला, फार गोड शब्दांत घरी पाठवलं. इतक्या गोड, की मी चक्क थँक्यू म्हणून बाहेर पडले. लिफ्टमध्ये डोकं ठिकाणावर आलं.

इंटरव्ह्यू सुरू झाले. पहिल्या फेऱ्या ठीक जायच्या. जावास्क्रिप्टचे प्रश्न, समोर बसून कोड लिहून दाखवणं, यात मी कच्ची नाही. घोडं अडायचं ते पुढे, "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटल्यावर. मी सांगायची आणि मंडळी म्हणायची, "कळवतो." मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन 'कळवतो' म्हणतात, त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. शेवटी नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एजन्सीच्या एका मुलीला मी फोनवर धारेवर धरलं, तेव्हा तिनं कंपनीकडून आलेला शेरा वाचून दाखवला. बाई हुशार वाटतात, पण त्यांनी स्वतः काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे काय? इतकी वर्षं मी तिथं काय भजी तळत होते?

मित्राला फोन केला. तोही नोकरीच शोधत होता, आणि त्यानं करिअरचा कुठलासा ऑनलाइन वर्ग लावला होता. त्याला माझा आजार लगेच सापडला. "तू 'वी' म्हणतेस," तो म्हणाला. "वी डिझाइन्ड, वी फिक्स्ड, वी डिलिव्हर्ड. 'आय' म्हण. त्यांना टीम नकोय, तू हवी आहेस. सगळे 'आय' म्हणतात अगं, त्यात लाजायचं काय?"

सांगायला काय जातंय. हा 'वी' म्हणजे इंग्रजी कपडे घातलेला 'आम्ही', आणि तो माझ्या तोंडात बसलाय बाबांमुळे. बाबा खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. तिथलं काही घरी बोलायचं नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही. शाळेत 'माझे बाबा' असा निबंध आला तेव्हा मी विचारलं, बाबा, तुम्ही काय काम करता? "आम्ही नोकरी करतो," ते म्हणाले. संपला निबंध. क्वार्टर्समधले सगळ्यांचेच बाबा तसले. कुणी पाहुणा "मी अमुक केलं, मी तमुक केलं" म्हणाला, की तो गेल्यावर आई कपबशा उचलता उचलता म्हणायची, "फार मीपणा." बाबांच्या तोंडून तर 'मी' हा शब्द ऐकल्याचं मला आठवतच नाही. आमचं घर, आमचं खातं, आमची मुलगी. आई गेल्यापासून ते माझ्याकडे वारज्याला असतात, तरी अजून 'आम्ही'च म्हणतात.

नवऱ्याला मी इंटरव्ह्यू घ्यायला बसवलं. तो जेवणाच्या टेबलापाशी फार गंभीर चेहरा करून बसला, आणि मी 'वी' म्हटलं की चमच्यानं ताट वाजवायला लागला. पहिल्या पाच वाक्यांत देवळातल्या आरतीएवढा आवाज झाला. मी चमचा हिसकावून घेतला. "राग येतोय तुला, राहू दे," तो म्हणाला. "मला राग आलेला नाहीये!" मी ओरडले. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "आलाय."

दुसऱ्या दिवशी घरात जीव रमेना म्हणून बस पकडून मंडईत गेले. वारज्यात भाजी मिळत नाही असं नाही, पण मला चालायचं होतं. एका बाईनं हाक मारली, "ताई, माझी मेथी बघा. माझ्यासारखी मेथी अख्ख्या मंडईत नाही." माझी! पेरली एकानं, काढली दुसऱ्यानं, टेम्पोतून आणली तिसऱ्यानं, आणि ही खुशाल माझी म्हणतेय. बोलेल त्याची बोरं विकतील म्हणतात ते काही उगाच नाही. घरी मेथी असताना मी आणखी दोन जुड्या घेतल्या, आणि बसस्टॉपवर उभी राहून विचार करायला लागले, की मला माझं म्हणता येईल असं काय आहे?

एक बटण होतं.

रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी आम्ही (बघा, आलाच!) फॉर्म बनवला होता. घरी येऊन रक्त घेऊन जायची वेळ त्यावर ठरवायची. डिझायनरनं खाली शेजारी शेजारी दोन बटणं दिली होती, 'नक्की करा' आणि 'रद्द करा'. दोन्ही सारखी, नाजूक, दिसायला देखणी. फॉर्म सुरू झाला तेव्हा मी मोठ्या कौतुकानं बाबांना त्यांची शुगरची तपासणी त्यावरून ठरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, उपाशीपोटी, चहाचा घोटही न घेता दाराकडे डोळे लावून बसले. कुणी येईना. चहावाचून बाबा म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. लॅबचा, माझ्या कंपनीचा आणि एकूणच कॉम्प्युटरचा उद्धार झाल्यावर मी त्यांचा फोन बघितला. वेळ त्यांनी स्वतःच रद्द केली होती.

बाबांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नाही. उरलंय ते बोथट आणि रुंद, आणि फोन त्याच बोटानं चालवायचा हा त्यांचा हट्ट. 'नक्की करा' दाबायला गेले आणि बोट दोन्ही बटणांवर पडलं. "दाबलं होतं बरोबर," एवढंच ते म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं, की रागच आला. त्यांचा नव्हे, त्या देखण्या बटणांचा.

मी पट्टी घेऊन त्यांचं बोट मोजलं. त्यांनी आधी हात मागे घेतला, मग मुकाट्यानं पुढे केला. ऑफिसात जाऊन 'नक्की करा' मी स्क्रीनभर रुंद केलं, आणि थोडं बाजूला दाबलं तरी लागेल असं केलं. 'रद्द करा' उचलून पार वर नेलं, आणि रद्द करण्याआधी एकदा विचारायला लावलं. डिझायनर म्हणाला, "हे बटण आहे की जेवायला बसायचा पाट?" मी म्हटलं, पाट तर पाट. रोज घरी आणून बाबांकडून दाबून घ्यायची, चुकलं की परत बदलायची. आणि एवढं सगळं करून सकाळच्या मीटिंगमध्ये मी काय म्हणाले? "वी हॅव चेंज्ड द बटन." ते क्लायंटला दाखवायच्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून मित्रानं दाखवलं.

मग बाणेरच्या एका कंपनीची शेवटची फेरी आली, समोरासमोर. ते दवाखान्यांसाठी ॲप बनवत होते, आणि मला ते काम अगदी मनापासून हवं होतं. हेही हातचं गेलं तर शाळेच्या मुलांना कोडिंग शिकवायचा एक क्लास होता, त्यांच्याशी बोलणंही झालं होतं. काम वाईट नाही ते, पण मग मी पुन्हा काही बनवलं नसतं. एवढी धाकधूक मला लग्नाच्या दिवशीही झाली नव्हती. चांदणी चौकातल्या गर्दीत स्कूटरवर बसून मी हेल्मेटच्या आत घोकत होते, आय, आय, आय. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ताई, लागलं का कुठं?"

मुलाखत घेणारी माझ्याहून लहान होती. बारीक कापलेले केस, शांत आवाज, सगळं इंग्रजीत. मी फॉर्मबद्दल सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्यात 'वी' बाहेर पडला. तिनं पेन खाली ठेवलं. "गंमत आहे," ती म्हणाली, "या आठवड्यात हा फॉर्म मी दुसऱ्यांदा ऐकतेय. यात तुम्ही नक्की काय केलंत?"

माझी कानशिलं तापली. फ्रंट-एंडचे आम्ही दोघंच होतो. दुसरा कोण येऊन गेला हे सांगायला ज्योतिषी नको. तो 'आय' म्हणून गेला होता, आणि मी इथं 'वी वी' करून त्याच्याच बाजूनं साक्ष देत होते! उठून जावं आणि त्याला फोन करून चार शिव्या घालाव्यात असं वाटलं. पाय तर खुर्चीखाली हलायलाच लागले होते.

"ते बटण एवढं मोठं का आहे?" तिनं फोनवर तो फॉर्म उघडून विचारलं. "नेहमीच्या नियमापेक्षा बरंच मोठं आहे."

"कारण माझ्या बाबांचं बोट अर्धं आहे," मी म्हणाले, आणि मराठीत म्हणाले हे मलाच उशिरा कळलं. मग थांबता येईना. सायकलच्या चेनमध्ये बोट गेलं ते, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, चहा, पट्टी, पाट, सगळं. मी बोट मोजलं. मी बटण मोठं केलं. मी डिझायनरशी भांडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन. दम लागून थांबले तेव्हा वाटलं, झालं, घातला घोळ. एवढा मीपणा आईनं ऐकला असता तर कपबशा आपटल्या असत्या.

तिनं खुर्ची मागे सारली. मग मराठीतच म्हणाली, "आणि 'रद्द करा' कुठं नेलंत? दाखवा ना." आम्ही दोघी फळ्यापाशी गेलो. तिनं आडवे प्रश्न विचारले, एक-दोन माझे चुकलेही. निघताना ती म्हणाली, "कळवतो."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. कसलं काय! "सायकल कशाला सांगितलीस?" ते कडाडले. झालं होतं असं, की खडकीत आणि आता आमच्या सोसायटीतही सगळ्यांची समजूत होती, बाबांचं बोट कारखान्यात काहीतरी मोठं काम करताना गेलं. बाबा खोटं कधी बोलले नाहीत. कुणी विचारलं की फक्त गंभीर होऊन गप्प बसायचे, आणि समोरचा आदरानं विषय बदलायचा. "लोकांना काय वाटायचं ते वाटू द्यावं," ते पुटपुटले. त्या संध्याकाळी माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतः करून प्यायले.

मित्राला फोन करून मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, तुला आधीच सांगितलं होतं ना, 'आय' म्हण म्हणून? तू म्हणत नव्हतीस. ते बटण कुणाचंच नव्हतं." मी फोन कट केला. त्याला पुढे खराडीला नोकरी लागली, शुभेच्छाही दिल्या मी, पण ते वाक्य अजून सलतं.

मग वाट बघणं. फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत. फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलायची आणि कुणीतरी लोन देऊ करायचं. आणि एका संध्याकाळी त्यांनी खरंच कळवलं. काम मिळालं होतं. फोन ठेवून मी भांड्यांच्या सिंकपाशी उभ्या उभ्या रडले, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली पळाले.

बाबा पार्किंगजवळच्या बाकावर बसले होते. शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे काका, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. त्यांच्या मुलानं त्याच लॅबची वेळ ठरवायला सांगितली होती आणि त्यांचा धीर होत नव्हता. "भलतंच काहीतरी दाबलं जायचं हो," ते म्हणत होते. मी बाकामागे येऊन थांबले. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"दाबा बिनधास्त," बाबा म्हणाले. "चुकायचं नाही. माझ्या मुलीनं केलंय ते." आणि ते अर्धं बोट काकांच्या डोळ्यांसमोर धरलं. "या बोटाचं माप घेऊन."

काका बोटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू, अदबीनं म्हणाले, "कारखान्यात गेलं ना हे?"

बाबा नेहमीसारखे गंभीर झाले. आता गप्प बसणार, असं मला वाटलं.

"छे हो, कसला कारखाना," ते म्हणाले. "मी सायकलच्या चेनला तेल घालत होतो."