लाल दिव्यावरचं डावं वळण

“अरे, लाल आहे! थांब!” बायको अशी ओरडली की इंग्लंडमधल्या आमच्या वॉटफर्डची कबुतरं उडाली ती थेट दूरच्या मेडनहेड गावाला जाऊन बसली. मी मात्र निवांत डावीकडे वळत होतो. पुण्यात सिग्नल लाल असो की जांभळा, डावीकडे जाणाऱ्याला त्याच्याशी काय घेणं! अशी डावी वळणं मी इतकी घेतली होती, की एकापुढे एक जोडली तर पृथ्वीला दोन फेऱ्या होतील.

“इथे लालला डावीकडेही वळायचं नसतं,” ती म्हणाली. “ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झालास ना याच्यावरच?”

झालो होतो. तरी लायसन्स हवंच होतं. बारा तासांची शिफ्ट करून ती हॉस्पिटलमधून निघायची आणि पेंगुळल्या डोळ्यांनी स्वतःच गाडी चालवत घरी यायची. मला तिला शेजारच्या सीटवर झोपवून आणायचं होतं.

तिसऱ्या टेस्टला तोच सिग्नल लागला, आणि लाल. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हात आपसूक स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात दम दिला. दिवा हिरवा होईपर्यंत माझी दाढी छातीपर्यंत वाढली असेल, पण हललो नाही. पास झालो!

दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेलो. येताना त्या सिग्नलला इतका अलगद थांबलो की काठोकाठ भरलेला चहासुद्धा हिंदकळला नसता. घरापाशी तिला हलवून विचारलं, “पाहिलंस, लालला कसा थांबलो?”

“नाही,” ती म्हणाली. “झोप लागली होती.”