खंडेनवमीचं तेल

आमच्या सुनेच्या सिंथेसायझरमध्ये तेल मी घातलं.

एवढं एक वाक्य सांगायला मला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत त्या तेलाचा आळ आमच्या हिच्यावर होता आणि मी तिच्याच शेजारी बसून शांतपणे शब्दकोडं सोडवत होतो. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वर गेल्यावर कुणी विचारलंच तर उत्तर तयार असावं, म्हणून लिहून ठेवतो.

आमची सून ऋतुजा शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिने वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत नाचगाण्यांचा अल्बम करायला घेतला. एकटीने!

"वादक मंडळी कधी येणार?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुणी नाही येणार, बाबा. ढोल, बासरी, तुतारी, सगळं या मशीनमध्ये आहे."

"म्हणजे चहा एकच कप?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकच, आई."

"असे संगीतकार घरोघरी असावेत गं बाई!" असं म्हणून हिने मोठं पातेलं परत फळीवर ठेवलं.

आठ गाणी करायची होती आणि आठही नुसती नाचायची. बंगळुरूची एक कंपनी ती ऐकायला तयार झाली होती. मुदत दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. "नाही जमलं तर पुन्हा खडू आणि फळा," ऋतुजा हसत म्हणायची. पण हसताना तिच्या बोटांकडे पाहिलं तर दहाही नखं कुरतडलेली!

आता माझ्याविषयी. मी बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकवलं. खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची. मात्र माझा एक नियम होता : हळदकुंकू नंतर, तेल आधी. तहानलेल्या यंत्राला फूल वाहणं म्हणजे उपाशी पाहुण्याला अत्तर लावणं, असं मी मुलांना सांगायचो. (मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. मलाही ते तेव्हा फार थोर वाटायचं.)

त्या वर्षी खंडेनवमीला ऋतुजा माहेरी, लासलगावला गेली होती. मी घरातली आयुधं मांडली : पाना, पक्कड, हिची विळी, मिक्सर, आमचा मुलगा प्रसाद याची मोटारसायकल (ती खालीच ठेवली). मग मागच्या खोलीत गेलो. सिंथेसायझर तिरक्या स्टँडवर उभा होता. त्याच्या अंगावर सरकत्या दांड्यांची एक रांग. दांडी वर सरकवली की आवाज चढतो आणि खाली ओढली की उतरतो, एवढं ऋतुजाने मला दाखवलं होतं. मी एक दांडी सरकवून पाहिली. घट्ट! दुसरीही घट्ट!

बत्तीस वर्षांचा मास्तर जागा झाला. फडताळातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि प्रत्येक दांडीच्या फटीत तीन-तीन थेंब सोडले. दांड्या लोण्यासारख्या सरकू लागल्या. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. नमस्कार करून बाहेर आलो तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली होती.

संध्याकाळी ऋतुजा आली. माळ पाहून तिचे डोळे भरून आले. "बाबा, माझ्या मशीनचीपण पूजा केलीत?"

"ते काय वेगळं आहे का?" मी म्हणालो. तेलाचं सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवू नयेत!

दसऱ्याच्या सकाळी मागच्या खोलीतून किंकाळी आली.

झालं होतं असं. ठोका पडला की स्पीकर दणाणे. स्पीकर दणाणला की टेबल हादरे. टेबल हादरलं की स्टँड हादरे आणि त्या तिरक्या स्टँडवरची तेलकट दांडी आपोआप खाली घसरे. गाणं जोशात सुरू व्हायचं, "ढम-ढम-ढम", आणि चौथ्या ठोक्यापासून "ढूंऽऽम... ढूंऽऽऽ..." करत मटकन खाली बसायचं. जणू वरातीतला घोडा भर रस्त्यात झोपला! कारण मला पहिल्या सेकंदाला कळलं. मी ताबडतोब शब्दकोड्यात डोकं घातलं.

प्रसादने दुरुस्तीवाला आणला. त्याने फटीत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि भिंतीकडे पाहिलं.

"पलीकडे किचन आहे का?"

"आहे," प्रसाद म्हणाला.

"तळण जास्त होतं का?"

सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"वाफ बसलीय तेलाची. पूर्ण खोलायचं तर मुंबईला पाठवावं लागेल. महिना धरा."

महिना! पाडवा वीस दिवसांवर आला होता. ऋतुजा खुर्चीत बसली. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ही म्हणाली, "बरं झालं बाई, यांनी पूजा केली होती. म्हणून एवढ्यावर निभावलं!"

उघडलेलं तोंड मी जांभई देऊन मिटलं.

त्याच दिवशी घरात तळणबंदी लागू झाली. दिवाळी तोंडावर आणि चकली नाही, शेव नाही, करंजी नाही! प्रसादने हवेवर तळणारं एक यंत्र आणलं. त्यातली पहिली चकली मी चावली. दोघांपैकी एकाला तुटावंच लागणार होतं. माझी दाढ तुटली. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "होतं गं असं. मुद्दाम का केलंस तू?" ही मान खाली घालून उभी राहिली. मला त्यांच्या ताटातली चकली गिळवेना. (दोन गिळल्या. तिसरी गिळवेना.)

इकडे ऋतुजाने सात दिवस त्या दांडीशी झुंज दिली. रबर लावलं, चिकटपट्टी लावली. आठव्या दिवशी तिने हात टेकले आणि ते घसरतं गाणं तसंच वाजत ठेवून नुसतं पाहत बसली. गाणं खाली बसलं की दांडी वर ढकलायची. पुन्हा बसलं की पुन्हा ढकलायची.

ही दारात हात पुसत उभी होती. आणि हिचा पाय हलायला लागला!

"ऋतुजा, हे छान आहे गं."

"आई, ते बिघडलंय."

"असू दे. बाकीच्या गाण्यांवर नाचायचं म्हणजे दम लागतो. हे मध्ये बसतं, परत उठतं. माझ्या गुडघ्यांना झेपतं बघ!" असं म्हणून हिने पदर खोचला आणि गाणं बसलं की खाली वाकायचं, उठलं की उसळायचं, असा नाच सुरू केला. बासष्ट किलोंचं कुटुंब माझ्यासमोर पहिल्यांदाच नाचत होतं. ऋतुजा आधी हसली, मग उठून नाचली, मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, परत करा. नेमक्या कुठे बसता ते मला मोजू द्या."

आठही गाणी तिने त्या घसरणीवर बांधली. पाडव्याच्या आदल्या दिवशी पाठवली. कंपनीला आवडली. अल्बमचं नाव ठेवलं 'फोडणी', आणि आत आभार मानले : "ज्यांच्या तळणामुळे हा आवाज सापडला, त्या माझ्या सासूबाईंना."

पुढे पुतणीच्या हळदीत तेच वाजलं. गाणं बसलं की सगळा मांडव खाली बसायचा आणि "हुर्रे" करून उठायचा. मीही बसलो. सगळे उठले, मला उठवायला दोन जावई लागले.

ऋतुजाची रजा संपली. शाळेत ती आता फक्त सकाळची जाते आणि दुपारी गाणी करते. हिची तर मुलाखत घ्यायला एक मुलगी घरी आली. "काकू, कोणतं तेल वापरत होतात?" ही लाजून म्हणाली, "शेंगदाण्याचं. घाण्यावरचं." फोटो निघाला. शेजारच्या काकू आता "फोडणीवाल्या वहिनी" म्हणून हिची ओळख करून देतात.

आणि इथे, वाचकहो, माझी सदसद्विवेकबुद्धी खडबडून जागी झाली! आळ होता तोवर ती गाढ झोपली होती. त्याचं श्रेय झालं, तशी तिला झोप येईना. तरीही मी गप्प राहिलो असतो. पण यंदा ऋतुजाने दुसरा अल्बम करायला घेतला आणि दांड्या परत घट्ट झाल्या. तेल वाळलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तळणबंदी उठली. मशीनजवळ तळा."

शेगडी मागच्या खोलीच्या दारात आली. आठ दिवस कांदाभजी, बटाटाभजी, मिरचीभजी, चकल्या! गाणं काही बसेना. "अजून थोडं तळून बघा," असं मीच सुचवत होतो. आठव्या दिवशी ऋतुजाने दांडीवरून हात काढला आणि हळूच म्हणाली, "तो आवाज आता नाहीच यायचा बहुतेक." मी पाहिलं, नखं पुन्हा कुरतडलेली. हातातलं भजं मी ताटात ठेवलं.

"तेल मी घातलं होतं. खंडेनवमीला. शिलाई मशीनचं. तीन-तीन थेंब."

हिने कढईतली भजी उलटली.

"बाबा!" ऋतुजा ओरडली. मग धावत फडताळातून बाटली घेऊन आली. "तीनच ना? नक्की?"

मी मान डोलावली. ती मशीनकडे धावली आणि मी शेगडीपाशी जाऊन हिच्यापुढे हात जोडले. "माफ कर. दोन वर्षं तुझ्यावर आळ राहिला."

"राहू द्या हो," ही झारा निथळत म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. झेंडूच्या माळेलासुद्धा मशीनच्या तेलाचा वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं तळत होते. कुणीतरी पहिल्यांदाच नको म्हणालं!"

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला : "ढम-ढम-ढम-ढूंऽऽऽम!" गाणं झकास खाली बसलं. ऋतुजा नाचत बाहेर आली, हिने गॅस बंद केला आणि दोघी मिळून कढई घासायला घेऊन गेल्या.

खरं लपवलं तेव्हा माझी भजी बंद झाली होती. खरं सांगितलं, तेव्हा तर कढईच माळ्यावर गेली.