अकरा दिवसांचे दोन महिने

आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये इन्स्पेक्शनच्या आधी पेनं गोळा करायची पद्धत होती. निळी, काळी, जाड टोकाची, बारीक टोकाची, एखादं अर्धवट सुकलेलं. दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघी-चौघी ट्यूटर एका टेबलाभोवती बसायचो आणि मुलींच्या रेकॉर्ड बुकातले वॉर्डमधले राहिलेले तास भरून टाकायचो. तारीख बदलली की पेन बदलायचं, म्हणजे तपासायला येणाऱ्यांना सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटू नये. ही पेनांची युक्ती माझी. मला तिचा अभिमानही होता. चहा-भजी मागवून, एकमेकींची टिंगल करत काम उरकायचं. याला खोटं म्हणतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही त्याला ‘तास भरणं’ म्हणायचो.

नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलच्या त्या स्कूलमध्ये मी तीस वर्षं शिकवलं, शेवटची चार वर्षं प्राचार्य म्हणून. पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हापासून आमच्या घरात शाळेतलं नाहीतर दवाखान्यातलं एक तरी माणूस असतंच. रविवारी मी चर्चमधल्या पोरांकडून दहा आज्ञा घोकून घ्यायचे, त्यात खोट्या साक्षीबद्दलचीही आलीच. जीभ माझी तिखट. मुली पाठीमागे मला ‘मिरची’ म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

एका वर्षी जामखेडच्या पलीकडच्या वाडीतून एक मुलगी आली. आईवडील सहा महिने ऊसतोडीला, त्यामुळे ती लहानपणापासून वसतिगृहातच वाढलेली. पहिल्या वर्षाला असताना तिने एकदा वॉर्डमधल्या सोळा पेशंटचं टेम्परेचर न घेताच लिहिलं. सगळ्यांचं ९८.४. मी चार्ट हातात घेतला आणि भर वॉर्डात विचारलं, “का गं, हे सोळाही जण एकाच आईच्या पोटचे आहेत का?” मग तिला थर्मामीटर घेऊन पुन्हा सोळाही खाटांपाशी पाठवलं, आणि प्रत्येक पेशंटची माफी मागायला लावली. रडत रडत तिने मागितली. “न बघता लिहिलेला आकडा एक दिवस माणूस मारतो,” असं मी तिला म्हटलं होतं. तेव्हापासून तिच्या चार्टमध्ये मला कधी खोट सापडली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तिच्या बॅचची मनोरुग्णालयातली पोस्टिंग दोन महिन्यांची होती, कागदावर. मनोरुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात. मीच मुलींना घेऊन गेले. त्याच सुमाराला आमच्याकडे डेंग्यूची साथ आली, व्हरांड्यात खाटा टाकायची वेळ आली. निम्म्या स्टाफ नर्स आधीच चांगल्या नोकऱ्या मिळाल्या म्हणून सोडून गेलेल्या. अकराव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला, मुलींना परत आणा. मी जीप मागवली आणि आणल्या. उरलेले दिवस त्यांनी आमच्याच वॉर्डांत सलाईन लावण्यात काढले, मनापासून काढले. पुढे इन्स्पेक्शनच्या वेळी मी पेनं गोळा केली आणि अकरा दिवसांचे दोन महिने केले.

मुलगी पास झाली. नगरला, मग पुण्याला खासगी दवाखान्यांत राबली. इंग्रजीची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली आणि ती युरोपातल्या एका छोट्या देशात गेली. देशाचं नाव लिहीत नाही, त्याचा काही दोष नाही. तिथे आपलं सर्टिफिकेट दाखवून लगेच नर्स होता येत नाही. तिथली नर्सिंग परिषद शिक्षण तपासते आणि मग लायसन्स देते. तोवर ती एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राहिली. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, पण इंजेक्शनला हात लावायचा नाही.

तपासायची त्यांची रीत साधी आहे. कुठल्या वॉर्डात किती दिवस काम केलं ते मुलगी स्वतः लिहून देते. स्कूल वेगळा फॉर्म भरून थेट त्यांना पाठवतं. मुलीने स्कूलचा फॉर्म बघायचा नाही, स्कूलने मुलीचा बघायचा नाही. असे कितीतरी फॉर्म मी भरले होते, आणि प्रत्येकात तास पूर्ण. आपल्याकडे कमी म्हणजे नापास, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं. हजेरी कमी, मार्क कमी, वय कमी, काहीही कमी पडलं की खिडकीतून कागद परत. मग हाताने कमी लिहून पोरीचं वाटोळं कशाला करायचं? तिचाही फॉर्म मी तसाच भरला. उपकार करतेय असंच वाटत होतं.

तीन आठवड्यांनी परिषदेचा मेल आला. क्लार्कने छापून टेबलावर ठेवला. उमेदवार लिहिते की मनोरुग्णालयात तिने अकरा दिवस काम केलं, तुमचा फॉर्म दोन महिने म्हणतो, तरी योग्य ते कळवावं.

पहिल्यांदा मला तिचाच राग आला. आली मोठी हरिश्चंद्राची नात! कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मग राग उतरला आणि भीती वाटायला लागली. खरं लिहिलं तर आधीच्या बॅचचे फॉर्म उकरतील. आमच्या कितीतरी मुली परदेशात नोकरीला लागल्यात, त्यांचं काय? स्कूलच्या मान्यतेचं काय? माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आलेली, हार घालून घ्यायच्या वेळी हे काय? यातली मुलींची काळजी थोडीफार खरी होती. पण सगळ्यात मोठी काळजी माझ्या हाराची होती, हे आज लिहिताना लपवत नाही.

मी उत्तर लिहिलं: आमचं रेकॉर्ड बरोबर आहे, उमेदवाराची आठवण चुकत असावी. दोन ओळी. सही केली, शिक्का मारला, स्कॅन करून पाठवून दिलं. तिला फोन करायला हवा होता. नंबर मोबाईलमध्ये होता, दर नाताळला तिचा मेसेज यायचा. पण फोन केला असता तर ती काहीतरी विचारेल, म्हणून केला नाही.

पुढे तिला लायसन्स मिळालं नाही एवढं इतर मुलींकडून कानावर आलं. “कागदपत्रांत काहीतरी गडबड झाली म्हणे,” असं त्या म्हणाल्या. मी “अरेरे” म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली आणि एका दुपारी माझ्या नगरच्या घरी हजर. हातात चॉकलेटचा डबा. हातांची कातडी धुऊन धुऊन लाल झालेली. बसली, माझी तब्येत विचारली, गुडघ्यांसाठी तिकडचं मलम आणलं होतं ते दिलं. मग म्हणाली, “मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“आपण मनोरुग्णालयात दोन महिने होतो का?”

उत्तराची वाट न बघता तीच सांगायला लागली. “मला अकराच दिवस आठवत होते. तिथं एक आजी होती बघा, रोज सकाळी माझी वेणी घालायची. मी त्या वेण्या मोजल्या होत्या. अकराव्या दिवशी अर्धी वेणी टाकून आपण जीपमधी बसलो, तर ती फाटकापर्यंत आली मागं. मी तसंच लिहून दिलं. मग परिषदेचं पत्र आलं, तुमच्या स्कूलनं दोन महिने कळवलंय म्हणून. मी म्हटलं, आमच्या मॅडम खोटं लिहिणार न्हाईत. वेण्या जास्त झाल्या असतील, मीच विसरले आसंल. मी माफीचं पत्र दिलं, माझी चूक झाली म्हणून.”

“मग?”

“मग त्यांनी लिहिलं, जिला आपलं शिक्षणच नीट सांगता येत नाही, तिच्या हातात पेशंट देता येणार नाहीत.” ती हसली, कसनुसं. “माझ्या खोलीत केरळची एक मुलगी राहती. तिचे तास खरंच कमी होते. तिच्या कॉलेजनं कमीच लिहिले. तिला त्यांनी तिथल्या दवाखान्यात तीन महिने कामाला लावून भरून घेतले. आता ती सिस्टर आहे.”

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं परदेशाचे फॉर्म भरले, पण कमी पडलेलं तिथे भरून काढता येतं, हे कधी कुणाला विचारलं नाही. अकरा दिवस लिहिले असते तर तीन महिन्यांत ती नर्स झाली असती. तिच्याकडे बघवेना. टेबलावरच्या चॉकलेटच्या डब्याकडे बघत मी म्हटलं, “अकराच दिवस होतो गं. दोन महिने मी लिहिले. तुझी आठवण चुकते हेही मीच कळवलं.”

मला वाटलं ओरडेल, निदान रडेल. तिने फक्त विचारलं, “म्हंजी अर्धी वेणी खरी होती?”

“खरी होती.”

त्याच बैठकीत मी परिषदेला सगळं खरं लिहून दिलं. तिने फोटो काढून पाठवलं. उत्तर आलं की पत्र नोंदवून घेतलंय, पण तिला नव्याने अर्ज करावा लागेल आणि स्कूलने सुधारलेला फॉर्म द्यावा लागेल. स्कूलच्या नव्या प्राचार्यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, “मॅडम, कशाला उकरताय? बाकीच्या मुलींचं काय?” त्यांच्या जागी असते तर मीही हेच बोलले असते, किंबहुना हे बोलायला मीच त्यांना शिकवलं असणार. अजून मी त्यांच्या मागे लागले आहे. फॉर्म काही निघालेला नाही.

पण त्या दुपारी निघताना मुलीने माझ्याकडे दुसरंच काही मागितलं. “मॅडम, एवढं माझ्या आईला सांगाल का? गावात सगळ्यांना वाटतंय मी तिकडं लबाडी केली. आईसुद्धा म्हणती, तूच कायतरी खोटं बोलली असशील, मॅडम कशाला बोलतील? लायसन्सचं होईल तवा होईल. पण घरात तरी...”

दोन दिवसांनी मी गेले. जामखेडपर्यंत एसटीने, पुढे तिच्या भावाच्या मोटरसायकलवरून. आईने पत्र्याच्या घरापुढच्या अंगणात सतरंजी टाकली होती. शेजारच्या चार बायाही येऊन बसल्या, मॅडम येणार म्हणून. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी पाणी प्यायले आणि वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तुमच्या मुलीने खरं लिहिलं, खोटं मी लिहिलं. माझ्यामुळे तिचं काम अडलं. तिची काही चूक नाही.

आईने पदराने डोळे पुसले. शेजारणीकडे बघून म्हणाली, “बघितलं का? याला म्हनत्यात गुरू. पोरगी चुकली आन् बाई तिच्यावर पांघरून घालाया नगरहून आल्या.”

“अहो, पांघरूण नाही,” मी म्हटलं. “खरंच मी लिहिलं. माझ्या हाताने.”

“तुमी कशाला खोटं लिवताल? सोळा पेशंटची माफी मागाया लावली हुती तुमी हिला, हिनंच सांगितलंय मला.” बाया हसल्या. “लई मोठं मन हाय तुमचं, बाई. आपल्या पोरीसाठी कोन येवढं अंगावर घेतं?”

मी तिसऱ्यांदा सांगू शकले असते. सतरंजीवरून उठून, आवाज चढवून सांगू शकले असते. आवाज चढवायला मला कधी अडचण आलेली नाही. पण बाया कौतुकाने बघत होत्या, एकीने माझ्या पाठीमागे उशी आणून ठेवली होती, आणि क्षणभर, खरं सांगते, मला बरं वाटलं. मी गप्प राहिले.

आई मुलीला म्हणाली, “उबी काय ऱ्हायलीस? पाया पड मॅडमच्या.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडेन म्हणून तिने वाट पाहिली, बरीच वाट पाहिली. मग ती चौकट सोडून पुढे आली आणि वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.